बाटली बिअरची, हिशेब क्वार्टरचा

मागे माधवनगरला एका धम्मबांधवाच्या घरी नामकरणाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. त्रिशरण-पंचशील झाले, बाळाचे नाव ठेवून झाले, जेवणे झाली. निघताना सांगली-तासगाव रस्त्याच्या कडेला चार-पाच पोरे मोटारसायकलींना टेकून उभी दिसली. 'जय भीम काका' म्हणून हात वर झाले आणि त्याच वेळी एक काळी पिशवी हळूच पाठीमागे सरकली. आम्ही न पाहिल्यासारखे केले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यातला एक धीट होता. तो म्हणाला, "काका, बिअर हाय ही. दारू न्हवं. आमी दारूला शिवत न्हाई. आमचा बा पितोय ती दारू."

त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. बारा तासांची पाळी संपली की ते देशीची नव्वदची बाटली घेतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पोरगा शिकलेला, वडिलांच्या पिण्याची त्याला लाज वाटते. ती वाटावीच. पण स्वतःच्या हातातल्या पिशवीबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, हे पाहून आम्ही अस्वस्थ झालो आणि त्याच लग्नपत्रिकेएवढ्या निमंत्रणाच्या मागे पेन काढून हिशेब मांडायला बसलो. तो हिशेब आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

दोष एकट्या त्या पोराचा नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असे सत्ताधारी आघाडीतले नेतेच सांगत सुटले होते. आमच्या सांगली जिल्ह्यात तासगावची द्राक्षे आहेत आणि पलूसला वाइन पार्क आहे, म्हणून तर हे वाक्य इथे फारच गोड लागले. नेत्यांनी वाइनला सोडले, पोरांनी बिअरला सोडवून घेतले. आता दारू उरली फक्त हमालाची आणि मागवाल्याची!

तर हिशेब. दारूचे माप बाटलीच्या उंचीवरून होत नाही, आत शुद्ध अल्कोहोल किती यावरून होते. आपल्याकडे साधी बिअर ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. रम, व्हिस्की, ब्रँडी ही ४२.८ टक्के. देशीची नेहमीची बाटलीही त्याच ताकदीची, सरकारी भाषेत '२५ अंडर प्रूफ'. आता गुणाकार करा. ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ५२ मिलीपर्यंत शुद्ध अल्कोहोल येते, साध्या बिअरच्या तेवढ्याच बाटलीत साडेबत्तीस मिली. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ते ७७ मिली. नव्वदच्या बाटलीत साडेअडतीस. बारमधल्या ३० मिलीच्या पेगमध्ये जेमतेम १३.

हे आकडे आम्ही त्या पोरांना वाचून दाखवले आणि विचारले, तुझ्या वडिलांच्या नव्वदमध्ये किती? साडेअडतीस. तुझ्या एका स्ट्राँग बिअरमध्ये किती? बावन्न. मग दारुडा कोण? पोरे हसली. तो एक हसला नाही.

एक स्ट्राँग बिअर म्हणजे चार पेग. हे समीकरण पिणाऱ्याला कुणी सांगत नाही. बाटलीवर बारीक अक्षरात टक्के छापलेले असतात, पण टक्क्यांवरून पेग काढण्याचे गणित शाळेत कुणी शिकवलेले नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गाडी चालवणे गुन्हा ठरतो. साठ किलो वजनाच्या पोराने एक स्ट्राँग बिअर भराभर संपवून किक मारली तर तो या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. जयंतीच्या रात्री आमच्या वस्त्यांतली किती पोरे अशी घरी परततात, याचा विचार करताना अंगावर काटा येतो. वयाचेही तसेच. आपल्या राज्यात साध्या बिअरला आणि वाइनला २१ वर्षांची अट आहे, कडक दारूला २५ ची. कायद्यानेच बिअरला धाकटे भावंड ठरवले आहे. स्ट्राँगच्या बाटलीकडे बघताना पोरगा ती धाकटेपणाची समजूत घेऊनच बघतो.

बिअरच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. ६५० मिली द्रव पोटात जायला वेळ लागतो, पोट भरते, त्यामुळे चढण्याचा वेग कमी राहतो. पाळी सुटलेला मागवाला काउंटरपाशी उभ्या उभ्या, उपाशी पोटी, मीठ चाटून दोन घोटांत नव्वद रिकामी करतो, तिचा तडाखा वेगळा. तेव्हा एका बाटलीवर थांबणाऱ्याला बिअर तुलनेने कमी घातक, हे मान्य. पण एका बाटलीवर थांबणाऱ्यांची गाठ आम्हाला अजून पडायची आहे. शिवाय अल्कोहोल आतड्यात आणि यकृतात गेल्यावर ते कुठल्या बाटलीतून आले हे शरीर विचारत नाही. अल्कोहोलचे कुठलेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. त्यात बिअरला सवलत नाही.

आता पैशाचा हिशेब. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या धान्याधारित प्रकाराला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला २०५ आणि त्यातल्या उंची प्रकाराला ३६० रुपये ठरली. बिअरला या वाढीतून वगळले. बिअरची किंमत छापाप्रमाणे बदलते, हिशेबापुरती स्ट्राँगची बाटली २०० रुपयांची धरू. मग दहा रुपयांत किती शुद्ध अल्कोहोल मिळते? देशीत साडेनऊ मिलीहून थोडे जास्त. महाराष्ट्र मेडमध्ये पाच. विदेशीत पावणेचार. स्ट्राँग बिअरमध्ये अडीचच्या आसपास. एका देशी क्वार्टरची नशा बिअरमधून काढायची तर दीड बाटली लागते आणि ८० च्या जागी ३०० रुपये जातात.

कष्टकरी माणूस देशी का पितो, याची उत्तरे देणारे खूप भेटतात. त्याला चव नाही, संस्कार नाहीत, जातच तशी! ही असली उत्तरे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खरे उत्तर वरच्या चार ओळींत आहे. ज्याच्या खिशात शंभराची नोट आहे आणि ज्याचे अंग बारा तासांनी दुखते आहे, तो दहा रुपयांत साडेनऊ मिली देणारी वस्तूच घेणार. त्याचे गणित कच्चे नाही, भलतेच पक्के आहे. फक्त त्या गणितात घरच्या बाईचा आणि पोरांचा रकाना नाही.

चवीबद्दल थोडे. बिअर जवाच्या माल्टची, हॉप्सच्या कडवटपणाची. आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरमध्ये माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखरही पडते, म्हणून ती जडसर, गोडसर लागते. गारठून दिली की जीभ बधिर होते आणि चवीचा प्रश्न निकालात निघतो. देशीला संत्र्याचा वास लावलेला असतो, तो संत्रे सोडून सगळ्या गोष्टींची आठवण करून देतो. चवीची चर्चा खुर्चीवर बसून पिणाऱ्यांची, तीत आम्हाला फार रस नाही. पण त्या चवीमागे एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे मात्र डोळे उघडून पाहिले पाहिजे.

माधवनगर रस्त्यालाच वसंतदादांच्या नावाचा साखर कारखाना उभा आहे. उसाचा रस आटला, साखर निघाली, की खाली मळी उरते. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढतात. साखरपट्ट्यातल्या अनेक कारखान्यांच्या आसवन्यांत हेच चालते. या मद्यार्कात पाणी, वास आणि संत्र्याचा अर्क घातला की झाली देशी. त्याच जातीच्या मद्यार्कात पाणी, कॅरमेलचा रंग आणि व्हिस्कीचा वास घातला की झाले 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. महागड्या छापांत माल्टचे किंवा बाहेरून आणलेल्या स्कॉचचे मिश्रण असते, काही धान्यापासूनही बनतात, हे खरे. पण स्वस्त व्हिस्की-रम आणि देशी यांचे आईबाप बहुधा एकच. युरोपात मळीपासून काढलेल्या मद्याला व्हिस्की म्हणायला परवानगी नाही, आपल्याकडे मात्र ते खुशाल 'विदेशी' म्हणून विकले जाते. ताकद दोघांची ४२.८ टक्के. एक ८० रुपयांना, लोखंडी जाळीच्या खिडकीतून. दुसरे २०५ रुपयांना, काचेच्या कपाटातून.

आमच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको. एकाच टाकीतून निघालेल्या दोघांना जन्मतःच दोन दुकाने, दोन परवाने, दोन प्रतिष्ठा! बरे, हा वर्ण बदलताही येतो, फक्त तो सरकारने बदलावा लागतो. काजूची बोंडे, मोहाची फुले यांपासून बनणारे मद्य २०२२ मध्ये राज्य सरकारने 'देशी'च्या यादीतून काढून 'विदेशी'च्या वर्गात घातले. मोह काही परदेशात फुलला नव्हता. पण आदिवासीच्या घरची मोहाची दारू गावठी म्हणून पकडायची आणि तीच परवानाधारकाच्या बाटलीत गेली की तिला विदेशीचे जानवे घालायचे, ही या देशातली जुनी रीत आहे. इंग्रजांनी १८७८ चा आबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाचा कायदा करून ती सुरू केली. ठाणे-कुलाब्याच्या गरिबाने स्वतःच्या झाडाची फुले साठवणे गुन्हा ठरले आणि गुत्त्याचा ठेकेदार श्रीमंत झाला. २०२५ चे 'महाराष्ट्र मेड' हा या उतरंडीत घातलेला नवा मधला वर्ण.

सरकारचा हिशेब आमच्याहून चोख आहे. जून २०२५ च्या वाढीतून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असे सरकारनेच सांगितले. देशीवरचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांचे २०५ झाले. एका क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर दारू असते, म्हणजे ८० रुपयांतले सुमारे २८ रुपये उत्पादन शुल्क, आणि विक्रीकर त्याहून वेगळा. गंमत पाहा, क्वार्टरमागे शुल्क वाढले साडेतीन रुपयांच्या आत, आणि ६० ते ७० ला मिळणारी बाटली झाली ८० ची. मधला फरक विक्रीकरात किती गेला आणि कारखानदाराच्या खिशात किती, हे विधिमंडळात विचारायला आमच्या नावाने निवडून गेलेल्यांपैकी कोण उभे राहणार? १४ जुलै २०२५ रोजी बार आणि परमिट रूमवाल्यांनी करवाढीविरुद्ध राज्यभर बंद पाळला. त्यांच्या संघटना आहेत, त्यांना आवाज आहे. देशीच्या खिडकीपुढे उभा राहणाऱ्याची संघटना नाही, आणि तशी असावी असेही आम्ही म्हणणार नाही.

जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. रोज एक देशी क्वार्टर घेणाऱ्या नवऱ्याच्या घरी ते १,५०० रुपये एकोणिसाव्या दिवशी संपतात. एका हाताने तिच्या खात्यात, दुसऱ्या हाताने त्याच्या गल्ल्यातून परत. आणि तेवढ्यानेही भागले नाही म्हणून सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवला गेला. त्याबद्दल २०२५ मध्ये खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा पैसा तिकडे, देशीच्या शुल्काचा पैसाही तिकडे. दोन्ही बाजूंनी खिसा एकाच वस्तीचा कापला जातो.

इथे काही जण आम्हाला बाबासाहेबांची आठवण करून देतील. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदी उठवून महसूल मिळवावा, ही भूमिका घेतली होती. होय, घेतली होती. कायद्याच्या बंदीने पिणे थांबत नाही आणि तिजोरीचा पैसा मात्र बुडतो, हे त्यामागचे रोखठोक अर्थशास्त्र होते. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती शोधणाऱ्यांना कायदा आणि शील यातला फरक कळलेला नाही. सरकारने काय करावे हे एक, धम्माने चालणाऱ्याने काय करावे हे दुसरे. तो महसूल शिक्षणात आणि गरिबाच्या उद्धारात जावा, ही पहिल्या भूमिकेची अट होती. ती अट सरकार पाळत नाही. आणि दुसऱ्या भूमिकेची अट आम्ही पाळत नाही.

त्या धीट पोराने शेवटी हाच बचाव केला. "प्रतिज्ञेत दारू म्हटलंय काका, बिअर न्हाई." वकिली डोके आहे, शिकला तर पुढे जाईल! पण त्याचा मुद्दा उलटा त्याच्यावरच येतो. तासाभरापूर्वी त्याने हात जोडून जे पाचवे शील म्हटले, त्यात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. विनयाच्या परंपरेत सुरेचा अर्थ दिला आहे तो पीठ, भात अशा धान्याच्या पदार्थांपासून आंबवलेले पेय. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले आसव. ऊर्ध्वपातन करून काढलेली व्हिस्की-रम बुद्धकाळात नव्हतीच. म्हणजे आजच्या भाषेत शीलाने पहिले नाव घेतले ते बिअरच्या जातीचे आणि दुसरे वाइनच्या जातीचे. वडिलांची देशी तर कितीतरी नंतर जन्मली. शीलाने कारण सांगितले ते प्रमादाचे, बेसावधपणाचे. टक्केवारीचे नाही, किमतीचे नाही, चवीचे तर नाहीच.

आम्ही सरसकट बंदी मागत नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हातभट्टीचा धोका आम्ही विसरलेलो नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती कुठल्या वस्तीतली होती हे सांगायला नको. देशी महाग झाली की माणूस फुग्याकडे वळतो, हे खरे आहे. म्हणून नुसती देशी महाग करा असेही आम्ही म्हणत नाही. कर लावायचा तर आतल्या शुद्ध अल्कोहोलवर लावा, बाटलीच्या जातीवर नको, आणि बिअरच्या बाटलीवर 'यात चार पेग आहेत' हे मराठीत, ठळक अक्षरात छापा. बिअरचा खप आणि महसूल घटतो म्हणून शुल्क कमी करता येईल का, हे पाहायला २०२३ मध्ये सरकारने समिती नेमली होती. चार पेग छापायला समितीचीही गरज नाही.

गल्लीतल्या बायांना यातले प्रूफ लिटर नको होते. त्यांचा प्रश्न साधा होता. वस्तीजवळ बिअर शॉपी निघाली तर ती अडवता येते का? नियम असा आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली की मतदान घ्यावे लागते, आणि दुकान बंद व्हायचे तर नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या नावांच्या निम्मी! कामावर गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, सगळ्यांचे मत दुकानाच्या बाजूने धरले जाते. मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत आणखी एक घोषणा केली. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत बिअर किंवा दारूचे नवे दुकान काढायचे तर संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. फ्लॅटवाल्यांचे चांगले झाले. आमच्या गल्लीत नोंदणी झालेली गृहनिर्माण संस्था नाही. पत्र्याची घरे आहेत, एक विहार आहे आणि सार्वजनिक नळ आहे.

हे ऐकून एका वयस्कर आक्काने मतदार यादी कुठे मिळते एवढेच विचारले. आम्ही तहसील कचेरीचे नाव सांगितले. तिने निमंत्रणाची ती पत्रिका, मागच्या आकड्यांसह, मागून घेतली आणि कनवटीला लावली.